खिडकीतील भांगेची रोपे

एप्रिल महिन्यात स्वीडनमध्ये उघड्यावर पेरणी करावी इतकी ऊब जमिनीत आलेली नसते. अठराव्या शतकाच्या मध्यास, अशाच एका एप्रिलमध्ये, उप्साला विद्यापीठातील एका प्राध्यापकाने दोन कुंड्यांत भांगेचे बी पेरले. रोपे इतकी दाट उगवली की प्रत्येक कुंडीत ३०-४० झाली. दोन्ही कुंड्या त्याने खिडकीपाशी, उजेडात ठेवल्या; मात्र एकाच खोलीत नव्हे, तर एकमेकींपासून दूर असलेल्या दोन दालनांत.

प्राध्यापकाचे नाव कार्ल लिनियस. वनस्पतींना आणि प्राण्यांना दोन शब्दी लॅटिन नावे देण्याची जी पद्धत आपण शाळेत शिकतो, ती रूढ करणारा हाच. या दोन कुंड्यांमधून त्याला नशेची पाने नको होती, की दोरासाठी वाखही नको होता. त्याला एका वादाचा निकाल हवा होता. वाद असा : वनस्पतींत नर आणि मादी असतात काय?

आज हा प्रश्न बाळबोध वाटेल. त्या काळी त्यावरून विद्वानांची कुळे निघत होती.

१७३५ मध्ये लिनियसने फुलातील पुंकेसर आणि स्त्रीकेसर मोजून साऱ्या वनस्पतिसृष्टीची वर्गवारी मांडली. त्याची भाषाही धीट होती. पुंकेसर म्हणजे पती, स्त्रीकेसर म्हणजे पत्नी, फूल म्हणजे शय्यागृह! एका स्त्रीकेसराभोवती २० पुंकेसर असले, तर एका घरात २० पती, असे तो सरळ लिहीत असे. सेंट पीटर्सबर्गच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख योहान सिगेस्बेक याला हे सहन झाले नाही. १७३७ मध्ये त्याने कडाडून टीका केली : असला व्यभिचार परमेश्वर वनस्पतींच्या राज्यात कदापि चालू देणार नाही. सिगेस्बेकचे नाव एका लहान फुलांच्या, चिकट तणाला मिळाले आहे, आणि लिनियसने सूड म्हणून ते दिले असे सांगतात. सुडाची कथा खरी असो वा नसो, ते तण मात्र आपल्या सह्याद्रीतही उगवते.

नीतीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी पुराव्याचा प्रश्न उरतोच. फुलातील पिवळी धूळ बीजधारणेस आवश्यक आहे, हे दाखवायचे कसे? बहुतेक फुलांत दोन्ही अवयव एकत्र असतात. एक काढताना दुसऱ्यास इजा होते. म्हणून अशी वनस्पती हवी होती की जिच्यात नर वेगळ्या झाडावर आणि मादी वेगळ्या झाडावर असेल. जी बियांपासून लवकर उगवेल आणि काही महिन्यांत फुलून फळेल. भांग या सर्व अटी पुऱ्या करते. शिवाय युरोपात तिचे बी दुर्मीळ नव्हते. जहाजांचे दोर आणि शिडाचे कापड यांसाठी हेम्प म्हणून तेथे जी पिकवत, ती हीच वनस्पती. ताग नव्हे, अंबाडीही नव्हे.

हा विचार प्रथम लिनियसला सुचला असेही नाही. जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे रूडॉल्फ कामेरारियस या वैद्याने १६९४ मध्ये एका मित्रास दीर्घ पत्र लिहिले. वनस्पतींतील लिंगभेदाचा प्रयोगसिद्ध पुरावा प्रथम त्या पत्रात आढळतो. एरंडाची नर फुले उमलण्यापूर्वी खुडली, तर बी धरत नाही. मादी तुतीजवळ नर तुती नसेल, तर फळात सकस बी नसते. सारे काही जुळत होते. भांगेने मात्र त्याला चकवले. मादी रोपे वेगळी लावली, तरी त्यांना काही बी धरले, आणि ते बी उगवलेही! कामेरारियसने ही अडचण लपवली नाही. आपल्याच सिद्धांताविरुद्ध जाणारी नोंद त्याने जशीच्या तशी लिहून ठेवली. इतिहासात असा प्रामाणिकपणा वाटतो त्यापेक्षा कमी आढळतो.

साठएक वर्षांनी लिनियस त्याच वनस्पतीकडे वळला, ते या पार्श्वभूमीवर.

कुंडीत काय घडत होते, ते सावकाश पाहण्यासारखे आहे, कारण सगळा प्रयोग त्यावरच उभा आहे. भांगेचे बी ओल लागल्यावर फुगते, कवच उकलते आणि प्रथम बारीक पांढरे मूळ खाली जाते. मग वाकलेला देठ माती उचलतो, ताठ होतो आणि दोन गुळगुळीत बीजदले उघडतात. त्यानंतर करवती काठाच्या पानांची पहिली जोडी येते. या अवस्थेत रोप फार नाजूक असते. पाणी साचले, तर देठ मातीलगत कुजतो आणि रोप आडवे होते. उजेड अपुरा पडला, तर ते लेचेपेचे होऊन उंच धावते. खिडकीची जागा म्हणूनच महत्त्वाची होती.

आणि या अवस्थेत नर कोणता, मादी कोणती, हे कोणालाही सांगता येत नाही. बियांवरून नाही, बीजदलांवरून नाही, पहिल्या पानांवरूनही नाही. पपईची बाग लावणाऱ्यांना ही अडचण ठाऊक आहे : खड्ड्यात दोन-तीन रोपे लावायची, फुलकळी दिसेपर्यंत सर्वांना सारखेच पाणी घालायचे, आणि मग जादा नर काढून टाकायचे. भांगेतही तसेच. कळ्या धरू लागल्या की नराच्या पेरांशी लहान गोल कळ्यांचे झुबके दिसतात. मादीच्या पेरांशी केसांसारख्या दोन पांढरट कुक्षी डोकावतात. या दोहोंतील वेळ थोडा असतो. एक नर फूल उमलले, की वाऱ्यावर उडणारे पराग मोजण्यापलीकडचे असतात.

लिनियसने एका कुंडीतील नर-मादी तसेच राहू दिले. दुसऱ्या कुंडीतील नर, ओळखता येताच, एकूण एक उपटून टाकले.

पहिल्या कुंडीत नरांचे पराग पडून जाताच माद्यांच्या कुक्षी सुकल्या, आणि जुलैत बी पिकले. लिनियसने ते पाण्यात भिजवून मातीत पेरले. बारा दिवसांत ते उगवून आले. प्रयोगाचा हा भाग अनेकदा विसरला जातो. बी धरले, एवढे पुरेसे नव्हते. ते जिवंत आहे, हे रुजवूनच सिद्ध करावे लागत होते.

दुसऱ्या खोलीतील दृश्य वेगळे होते. तेथील माद्या जोमाने वाढल्या. त्यांच्या कुक्षी लांब, हिरव्या आणि टवटवीत राहिल्या, दिवसामागून दिवस. लिनियसने या दृश्याचे वर्णन जोडीदाराची वाट पाहणाऱ्या स्त्रियांच्या रूपकात केले आहे. रूपकाची सवय त्याला अखेरपर्यंत सोडवली नाही. अखेर ती झाडे वयाने वाळू लागली, तेव्हा त्याने इतर वनस्पतिशास्त्रज्ञांसमक्ष फुले उकलून पाहिली. वरची आवरणे भरलेली दिसत होती. आतील बीजे मात्र तपकिरी, चपटी आणि कोरडी. बीजदलांचा मागमूस नव्हता.

वनस्पतींतील लिंगभेद नव्या प्रयोगांनी सिद्ध करा अथवा खोडून काढा, असे आवाहन सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीने केले होते. लिनियसने आपला निबंध तेथे पाठवला आणि १७६० मध्ये पारितोषिक त्याला मिळाले. ज्या शहरातून सिगेस्बेकने त्याच्यावर व्यभिचाराचा आरोप ठेवला होता, त्याच शहरातून ही मान्यता आली.

वाद मात्र संपला नाही. इटलीत लाझारो स्पालान्झानी या नामांकित प्रयोगकर्त्याने भांगेच्या माद्या वेगळ्या ठेवल्या, आणि त्यांना उगवण्याजोगे बी धरले. ८० वर्षांपूर्वी कामेरारियसला जे दिसले, तेच पुन्हा दिसले. स्पालान्झानीचा निष्कर्ष असा, की काही वनस्पतींना तरी परागांची गरज नसावी. चूक त्याच्या हाताची नव्हती. भांगेची मादी कधीकधी, विशेषतः प्रतिकूल स्थितीत, स्वतःच्या फांदीवर एखादे नर फूल धरते. ते पानांच्या गर्दीत सहज दृष्टीआड होते. तेवढे एक फूल साऱ्या निष्कर्षावर पाणी फिरवण्यास पुरेसे असते.

हा सगळा पंडितांचा व्यवहार. ज्यांचे पोट या झाडावर चाले, त्यांना दोन प्रकारची झाडे निराळी आहेत, हे कधीपासून ठाऊक होते. पण त्यांची नावे पाहिली की गंमत वाटते. इंग्लंडचे शेतकरी बी धरणाऱ्या दणकट झाडाला 'कार्ल', म्हणजे राकट गडी, म्हणत. आणि लवकर वाळणाऱ्या, बारीक वाखाच्या नराला 'फिंबल', म्हणजे मूळ अर्थाने मादी! देहाच्या ठेवणीवरून लिंग ठरवले, ते नेमके उलटे ठरले. आपल्याकडील नोंदही लक्षणीय आहे. मलबारच्या वनस्पतींवरील 'होर्टस मलबारिकस' हा १२ खंडांचा ग्रंथ ॲम्स्टरडॅमला १६७८ ते १६९३ या काळात छापला गेला. त्याच्या कामात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोंकणी वैद्यांचा हात होता. त्या ग्रंथात भांगेची नर आणि मादी झाडे दोन वेगळ्या नावांनी, दोन वेगळ्या चित्रांत येतात. लिनियसने हा ग्रंथ बारकाईने वापरला होता.

खरी रोपांची पारख मात्र बंगालमध्ये, राजशाहीकडील नौगाव परिसरात पाहावी. हा प्रदेश आज बांगलादेशात आहे. इंग्रजी अमलात गांजाची लागवड येथे सरकारी परवान्याने होई, जशी मध्य प्रांतात खांडव्याकडे होई. १८९३ मध्ये शिबपूरच्या वनस्पती उद्यानातील डेव्हिड प्रेन यांनी या लागवडीवर तपशीलवार अहवाल लिहिला. त्याच वर्षी नेमलेल्या आयोगाने साऱ्या हिंदुस्थानातून १,१९३ साक्षी घेतल्या, आणि लागवडीची माहिती त्यांच्याही कागदपत्रांत भरपूर आहे.

तेथील शेतकरी पुनःपुन्हा नांगरलेल्या उंच, पाणी न साचणाऱ्या वाफ्यात ऑगस्टमध्ये बी फेकून पेरत. सप्टेंबरात वीतभर झालेली रोपे उपटून शेतात ओळींनी लावत. पुढे कळ्या धरण्याची वेळ आली, की मोबदला देऊन पारखी बोलावला जाई. तो ओळींमधून चालत एकेक रोप पाही आणि नर दिसला की मोडून टाकी. फूल उमलण्याआधीच हे करायचे, कारण बी धरलेल्या मादीचा गांजा बाजारात उतरतो. फिरून काही दिवसांनी दुसरी तपासणी होई, पहिलीत निसटलेल्यांसाठी. लिनियसने एका कुंडीत जे केले, ते हा माणूस अख्ख्या शिवारात करी.

आणि त्याच्याही हातून काही निसटेच. मादीच्याच फांदीवर एखादे नर फूल येई आणि थोडे बी धरे. कामेरारियसला ज्याने कोड्यात टाकले, स्पालान्झानीला ज्याने चुकीच्या वाटेने नेले, तेच हे चुकार बी. मालाच्या दृष्टीने ते खोट. परंतु एकही बी धरले नसते, तर पुढच्या श्रावणात त्या वाफ्यात पेरायला काय उरले असते?