सिक्युअर शेल

सिक्युअर शेल (लघुरूप: एसएसएच) हा दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे प्रवेश करून त्याला आज्ञा देण्यासाठी वापरला जाणारा नेटवर्क प्रोटोकॉल आहे. घरी बसून कार्यालयातील किंवा विद्यापीठातील संगणकावर काम करण्यासाठी तो मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. त्यासाठी २२ क्रमांकाचे पोर्ट राखून ठेवलेले आहे.

इतिहास

एसएसएचपूर्वी हे काम टेलनेट व आरलॉगिन यांच्या साहाय्याने होत असे. टेलनेटमध्ये पासवर्ड पोस्टकार्डावरील मजकुराप्रमाणे उघडा जातो. वाटेतील नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या कोणालाही तो वाचता येतो. १९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर अशाच रीतीने पासवर्ड चोरले गेले. त्यानंतर तेथील संशोधक तातू युलोनेन यांनी एसएसएचची पहिली आवृत्ती लिहिली व जुलै १९९५ मध्ये ती सर्वांसाठी मोफत उपलब्ध केली. पुढील आवृत्त्यांवरील परवान्याच्या अटी कडक होत गेल्या. तेव्हा ओपनबीएसडी प्रकल्पातील विकासकांनी एका जुन्या मुक्त आवृत्तीवरून ओपनएसएसएच तयार केले (१९९९). आज बहुतेक लिनक्स प्रणालींत व मॅकओएसमध्ये तेच आढळते. सुधारित दुसरी आवृत्ती २००६ मध्ये आयईटीएफने प्रमाणित केली.

यजमान संगणकाची ओळख

जोडणीच्या आरंभी दोन्ही संगणक एक सामाईक गुप्त किल्ली ठरवतात. ही किल्ली स्वतः नेटवर्कवरून कधीच जात नाही. पुढची सर्व देवाणघेवाण तिच्या आधारे कूटबद्ध होते. मात्र कूटबद्धता पुरेशी नसते: पलीकडचा संगणक खरोखर कार्यालयाचाच आहे काय, हा प्रश्न उरतोच. मध्ये बसलेल्या तोतयाशी केलेली जोडणीही तितकीच कूटबद्ध असते.

यासाठी प्रत्येक यजमान संगणकाची स्वतःची किल्ली असते. पहिल्या जोडणीच्या वेळी तिचा ‘अंगुलीठसा’, म्हणजे अक्षरांची व अंकांची एक ओळ, पडद्यावर दिसतो आणि पुढे जायचे काय असे विचारले जाते. बहुतेक जण न वाचताच होकार देतात. वस्तुतः सगळी व्यवस्था याच क्षणावर उभी आहे. हा ठसा कार्यालयातून आधीच कागदावर किंवा दूरध्वनीवरून मिळवून ताडून पाहणे अपेक्षित असते. एकदा मान्य केलेली किल्ली घरच्या संगणकात नोंदली जाते. नंतर ती बदललेली आढळल्यास ठळक इशारा येतो. कार्यालयातील संगणकावर प्रणाली नव्याने बसवली असली तरी हा इशारा येतो, म्हणून तो हल्ल्याचा पुरावा नव्हे. पण चौकशी न करता जुनी नोंद पुसून टाकणे धोक्याचे असते.

वापरकर्त्याची ओळख

पासवर्ड वापरल्यास तो कूटबद्ध मार्गाने जात असला, तरी पलीकडच्या संगणकाला मिळतोच, तोतयालाही मिळतो. किल्ल्यांच्या जोडीत तसे होत नाही. सार्वजनिक किल्ली कार्यालयात ठेवलेली असते, खाजगी किल्ली घरीच राहते आणि प्रवेशाच्या वेळी फक्त त्या सत्रापुरती डिजिटल स्वाक्षरी पाठवली जाते. खाजगी किल्लीच्या फाइललाही सांकेतिक वाक्याचे कुलूप घालता येते.

उपयोग व मर्यादा

इंटरनेटला थेट उघडलेल्या २२ क्रमांकाच्या पोर्टवर स्वयंचलित प्रोग्राम सतत पासवर्डांचे अंदाज लावत असतात. म्हणून अनेक संस्था व्हीपीएन किंवा एकच मध्यस्थ संगणक ठेवून त्यामार्फतच आत येऊ देतात. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपसारखी सेवाही एसएसएचच्या ‘बोगद्यातून’ नेता येते. घरच्या संगणकावरच कळदाबांची नोंद करणारा प्रोग्राम शिरला असेल, तर मात्र एसएसएचचा उपाय चालत नाही.

मार्च २०२४ मध्ये वेगळाच धोका उघड झाला. एक्सझेड या संक्षेपण साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी चोरदरवाजा दडवला होता. काही लिनक्स प्रणालींत एसएसएच सेवा त्या साधनाच्या लायब्ररीशी अप्रत्यक्षपणे जोडलेली असे. ओपनएसएसएचमध्ये स्वतःचा दोष नव्हता. प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो हे लक्षात आल्याने आंद्रेस फ्रॉइंड या विकासकाने शोध घेतला. त्या आवृत्त्या तोवर मुख्यतः चाचणीसाठीच्या प्रणालींतच पोहोचल्या होत्या.