रे मार्केट ते फुले मंडई

रविवारी सकाळी पुण्याच्या मंडईत हल्ली पिशवीवाल्यांबरोबर कॅमेरेवालेही दिसतात. ‘हेरिटेज वॉक’ म्हणतात त्याला. शनिवारवाडा, विश्रामबागवाडा, तुळशीबाग करत मंडळी दगडी अष्टकोनापाशी येतात, मान वर करून मनोरा बघतात आणि पुढे जातात. यात वाईट काही नाही. पण त्या इमारतीची खरी गोष्ट सांगायला पाच मिनिटं जास्त लागतात, आणि ती बहुधा राहून जाते.

पूर्वी भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या पटांगणात उघड्यावर भरायचा. नगरपालिकेने पक्का बाजार बांधायचं ठरवलं. १८८६ मध्ये तो उघडला आणि मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून ‘रे मार्केट’ झाला. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ नगरपालिकेचे सदस्य होते. बाजाराच्या इमारतीवर एवढा पैसा ओतायला त्यांचा विरोध होता. तो शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागताच्या खर्चालाही विरोध करणारे तेच. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्याच बाजाराला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं! वर्गात हे सांगितलं की मुलं हसायची. मीही हसायचो. पण फुल्यांनी विचारलेला प्रश्न काही हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पैसा दगडात घालायचा की माणसात?

आजही वारसा जपायचा म्हटलं की आधी दगडच आठवतो. वारसा यादीत इमारत घालता येते. गाळ्यावर उद्या कोण बसेल, ते यादी सांगत नाही. घाऊक बाजार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात केव्हाच गेला, तरी किरकोळ विक्रीवर मंडई तगली. २०२४ मध्ये तर खालून मेट्रो सुरू झाली आणि स्थानकालाही ‘मंडई’च नाव मिळालं. नावाला मरण नाही, हे खरं.

कसब्यातल्या तांबट आळीत हा प्रश्न जास्त टोचतो. पेशवाईच्या काळापासून तिथे तांब्याची ठोकठोक चालत आली. बंब, घंगाळं, हंडे. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीने एकेक ठोका देत खळगे उठवायचे, ते मठारकाम. त्याने भांडं नुसतं चमकत नाही, पत्राही कडक होतो. स्टील आलं, गॅसचे गिझर आले, बंब माळ्यावर गेले. अलीकडे नव्या घाटाची भांडी, दिवे करून काही कारागिरांनी धंदा सावरलाय. पाहुणे ते आवडीने नेतात. पर्यटनाचा हा उपयोग मला मान्य आहे.

पण तांबटाला लागते तळमजल्यावरची जागा, भट्टी आणि आवाज सहन करणारा शेजार. वाडा पाडून सदनिका उठल्या की हे तिन्ही जातं. तिसऱ्या मजल्यावर कोण ठोकू देणार? दर्शनी कमान जशीच्या तशी ठेवली, मागे भांडी ठोकणारा हात राहिला नाही, तर पाहुण्यांना दाखवणार काय? पाटी?

म्हणून वॉक नेणाऱ्या तरुण मंडळींना एवढंच सुचवतो: मंडईत मनोरा दाखवून झाला की लोकांना दहा मिनिटं मोकळं सोडा. कोथिंबिरीची जुडी घेऊ दे, भाव करू दे, भाजीवालीच्या दोन शिव्या खाऊ दे. तांबट आळीत फोटोआधी कारागिराला विचारा, आणि बिघडलेलं भांडं घरी असेल तर पुढच्या खेपेला घेऊन जा.