नोंदवह्यांतला समुद्र
समुद्राचे पहिले व्यापक निरीक्षण उपकरणांपेक्षा वाचनाने झाले, असे म्हणावेसे वाटते. घोडागाडीच्या अपघातात पाय अधू झालेल्या मॅथ्यू मॉरी या अमेरिकी नौदल अधिकाऱ्याकडे १८४२ मध्ये वॉशिंग्टनचे नकाशे व उपकरणांचे कोठार आले. तेथे जहाजांच्या जुन्या नोंदवह्या पडून होत्या. त्यांना कुणी साहित्य म्हणणार नाही. पण वारा, प्रवाह, तापमानाच्या त्या कोरड्या ओळींतूनच त्याने १८४७ पासून नकाशे रचले. कप्तानांना नकाशा फुकट, मोबदल्यात त्यांनी आपल्या नोंदी पाठवायच्या. १८५३ च्या ब्रुसेल्स परिषदेत नोंदींचा समान नमुनाही ठरला. मात्र १८५१ मध्ये, शिकारी जहाजांच्या नोंदींतून, त्याने देवमाशांचाही नकाशा काढला होता. कोणत्या काळात देवमासे कुठे सापडतात, हे त्यावरून शिकाऱ्यांना कळे.