चूळद्वार आणि कूतचा वेढा

सीवली थेरांच्या पूर्वजन्मकथेत वेढलेल्या नगरीची महाद्वारे रोखली असता लोक चूळद्वारांनी, म्हणजे लहान दरवाजांनी, सरपण-पाणी आणीत. राजाने आईच्या सल्ल्याने तीही बंद केली. सात दिवसांत नगर पडले. अट्ठकथाकारांनी हे अकुशल कर्म मानले आहे.

पहिल्या महायुद्धात आपल्या पुण्याचे नाव लावणारी सहावी डिव्हिजन ७ डिसेंबर १९१५ पासून इराकमधील कूत येथे तुर्कांच्या वेढ्यात सापडली. तीत मराठा पलटणी होत्या. नगरात सुमारे सहा हजार अरब रहिवासी. वस्तुतः दोन्ही सैन्ये बाहेरची. २४ एप्रिल १९१६ च्या रात्री २७० टन सामग्री घेऊन ‘जुलनार’ आगबोट निघाली. टायग्रिसमध्ये आडव्या बांधलेल्या तारदोराला अडकून ती तुर्कांच्या हाती लागली. विमानांतून टाकलेली पिठाची पोती अपुरी पडली, काही नदीतच गेली. २९ एप्रिलला कूत शरण गेले आणि पुढे कित्येक रहिवाशांना तुर्कांनी फासावर चढविले.