सगळ्यांची विहीर, पण बघणारा कोण?

आज पिकाचं नाही, गावच्या सार्वजनिक विहिरीचं लिहितो. थोडा इतिहास आहे, पण कामाचा आहे.

सार्वजनिक विहीर म्हणजे सगळ्यांची, असं आज आपण सहज म्हणतो. पूर्वी तसं नव्हतं. १८६८ साली महात्मा फुल्यांनी पुण्यात स्वतःच्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १९२३ साली सी. के. बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव आणला की, सार्वजनिक पैशातून बांधलेल्या, सांभाळलेल्या विहिरी आणि पाणवठे सगळ्यांना खुले असावेत. ठराव पास झाला. महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं, पण ते कागदावर. प्रत्यक्ष पाणी घ्यायला २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो माणसांसह जावं लागलं. त्यावर कोर्टकज्जा झाला, तो हायकोर्टात १९३७ साली संपला. पाण्याचा हक्क असा मिळालाय, फुकट नाही.

फुल्यांनी आणखी एक गोष्ट सांगून ठेवलीय. १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये त्यांची सूचना आहे की, सरकारनं पाणाड्यांकडून जमिनीतले झरे शोधावेत, गावच्या नकाशात त्यांच्या खुणा कराव्यात आणि विहीर पाडणाऱ्या शेतकऱ्याला बक्षीस द्यावं. म्हणजे जमिनीखालच्या पाण्याचा हिशेब ठेवा, हे तेव्हाच सांगितलं होतं.

तो हिशेब सुरू व्हायला बहात्तरचा दुष्काळ यावा लागला. त्या सुमाराला राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा उभी राहिली. बोअरच्या गाड्या आल्या, गावोगाव हातपंप बसले. काही विहिरी निरीक्षणासाठी ठरवल्या गेल्या. त्यांची पातळी वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरात मोजतात. ऑक्टोबरची पातळी मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून बघतात, म्हणजे उन्हाळ्यात टंचाई कुठं येणार ते आधी कळतं. १९९३ च्या कायद्यानं पिण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर पाडायला बंदी घातली. पाळली किती, ते ज्याच्या त्याच्या गावाला ठाऊक.

आपला खडक काळा. पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. भेगा संपल्या की पाणी संपलं. म्हणून शेजारी खोल बोअर चालली की जुनी विहीर आधी उघडी पडते. ती आटली म्हणून निरुपयोगी झाली असं नाही. खाली काय चाललंय, ते ती दाखवते. बोअरच्या नळीत डोकावून काही दिसत नाही, विहिरीत दिसतं.

नळ आले आणि विहिरीकडं जाणं थांबलं. कठड्यात पिंपळ उगवला, त्याच्या मुळ्यांनी दगड सरकले, तळाला गाळ साचून झरे बुजले. आता आमच्या गावात ती बुजवून बाजारओटा करायचा विषय निघालाय. माझा विरोध आहे.

करायचं काम फार मोठं नाही. मे महिन्यात पाणी तळाला असताना गाळ काढा. पिंपळ वीतभर असतानाच मुळासकट उपटा. तोंडावर जाळी टाका. कठड्यावर रंगाची एक खूण करा, सकाळी मोटर चालू व्हायच्या आधी त्याच खुणेपासून टेप सोडा. आलेल्या मापातून कठड्याची उंची वजा करा आणि तारीख घालून वहीत लिहा. दर महिन्याला पाच मिनिटांचं काम.

अशी पाच वर्षांची वही ग्रामसभेत ठेवली, तर ऊस किती लावायचा आणि बोअर किती घ्यायच्या, यावर अंदाजानं भांडायची वेळ येणार नाही. बुजवलेली विहीर परत खणता येईल, पण तोवरचे आकडे कुठून आणणार?