'अननोन प्लेझर्स' : स्वतंत्र कोण, कर्ता कोण?

'इंडी रॉक' मधला 'इंडी' म्हणजे इंडिपेंडंट, स्वतंत्र. आज तो एका तऱ्हेच्या गाण्याचा शिक्का झालाय. मुळात मात्र तो हिशेबाच्या वहीतला शब्द. तबकडीला पैसा कोणाचा, मालकी कोणाची, एवढाच त्याचा अर्थ. पण आपल्याकडे पाणिनीने कर्त्याची व्याख्या करताना हाच शब्द वापरलाय. क्रियेत जो स्वतंत्र, तो कर्ता. म्हणून आज एका स्वतंत्र तबकडीला विचारू या, तुझा कर्ता कोण?

४ जून १९७६. मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये सेक्स पिस्टल्सचा कार्यक्रम. श्रोते मोजकेच, त्यांत बर्नार्ड समनर आणि पीटर हुक हे दोन मित्र. हे तर आपल्यालाही जमेल, असं वाटून त्यांनी बँड काढला. पुढे गायक इअन कर्टिस आला, ड्रमवर स्टीफन मॉरिस आला, आणि १९७८ मध्ये 'जॉय डिव्हिजन' हे नाव ठरलं. त्याच वर्षी त्यांनी एक अल्बम ध्वनिमुद्रित केला. निर्मात्याने त्यात सिंथेसायझर घातला, पोरांना ते रुचलं नाही, आणि तो अल्बम तेव्हा निघालाच नाही. हे ध्यानात ठेवा.

मग त्यांना टोनी विल्सनची 'फॅक्टरी' ही नवी, छोटी कंपनी मिळाली. तिची रीत साधी. खर्च वजा जाता नफा निम्मा-निम्मा, आणि संगीताची मालकी संगीतकारांची. हे कलम विल्सनने स्वतःच्या रक्ताने लिहिलं, असं सांगतात.

एप्रिल १९७९ मध्ये स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत काम सुरू झालं. निर्माता मार्टिन हॅनेट. त्याने मॉरिसला एकेक ड्रम सुटासुटा वाजवायला लावला. काच फुटल्याचा आवाज घेतला, डिजिटल डिले वापरला. रंगमंचावर दणदणीत, संतप्त वाटणारं वादन तबकडीवर थंड, पोकळ, दूरचं झालं. मुखपृष्ठाचंही तेच. पल्सर ताऱ्याच्या स्पंदनांची आकृती बँडनेच सुचवली होती, पण काळ्यावर पांढऱ्या रेषा हा निर्णय पीटर सॅव्हिलचा, तोही बँडच्या पसंतीविरुद्ध. जूनमध्ये १०,००० प्रती निघाल्या. समनर आणि हुक नाराज होते. आपलं वादन हॅनेटने बोथट केलं, असं त्यांना वाटत होतं.

म्हणजे बघा, एका वर्षाच्या अंतराने तोच अनुभव. फरक कुठे? हॅनेट आणि सॅव्हिल हे कंपनीचे नोकर नव्हते, फॅक्टरीत भागीदार होते. भांडण घरातलं होतं. स्वातंत्र्य म्हणजे प्रत्येकाच्या मनासारखं होणं, असं आपण सहज धरून चालतो. इथे तसं झालं नाही. हुकनेही पुढे हॅनेटचं काम मानलं. पण मानलं म्हणून त्या वेळची नाराजी खोटी ठरत नाही, हेही इतिहासाने नोंदवायला हवं.

१८ मे १९८० रोजी, अवघ्या तेविसाव्या वर्षी, कर्टिसने आयुष्य संपवलं. १९९२ मध्ये फॅक्टरी बुडाली. विकत घेऊ पाहणाऱ्या मोठ्या कंपनीला तेव्हा कळलं, की तिजोरीतला मुख्य ऐवज तिजोरीवाल्यांचा नाहीच! संगीत संगीतकारांचं होतं.

तर मालक एक आणि कर्ते अनेक, असं या तबकडीचं आहे. पाणिनीच्या वाक्यात कर्ता स्वतंत्र असतो. स्टुडिओत मात्र ते स्वातंत्र्य वाटून घ्यावं लागतं, आणि वाटणी कुणालाच पुरती पटत नाही.