न्यूमोनियाचा उपचार गावात कसा आला? नर्सभगिनींसाठी थोडा इतिहास

'डॉक्टरांनी लिहिलेले औषध द्यायचे, एवढेच सिस्टरचे काम' असा समज आजही आहे. आपल्या महाराष्ट्राचा इतिहास मात्र वेगळे सांगतो.

तळेगाव ढमढेरेहून वढू बुद्रुक फार लांब नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी 1970च्या दशकात या भागात ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. डॉक्टर प्रत्येक गावात पोहोचणार नाही, म्हणून गावातल्याच माणसांना शिकवायचे, हा त्यामागचा विचार. 1993 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

शिकवलेली माणसे औषधही नीट देऊ शकतात का? याचे उत्तर गडचिरोलीत मिळाले. तिथे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 1988-89 मध्ये 58 गावांत आरोग्यसेवक आणि सुईणींना न्यूमोनिया ओळखायला शिकवले. तुलनेसाठी 44 गावांत नेहमीचीच व्यवस्था होती. ज्या सुईणींना मोठे आकडे मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले साधन केले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. श्वास जलद निघाला तर को-ट्रायमोक्साझोल द्यायचे. प्रयोगाच्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेतल्या गावांपेक्षा 54 टक्क्यांनी कमी आढळले. 1990 मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापून आले.

औषध तेव्हाही नवे नव्हते. ते कोणाला द्यायचे, हे ओळखणारे माणूस घराजवळ आले, म्हणून मुले वाचली.

आज न्यूमोनियासाठी को-ट्रायमोक्साझोलऐवजी अमॉक्सिसिलिनला पहिली पसंती आहे. औषध बदलले, पण श्वास मोजणे तसेच आहे. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांखालील बाळात 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत 40 किंवा जास्त श्वास म्हणजे जलद श्वास. दोन महिन्यांखालील बाळ असेल, तर लगेच रुग्णालयात पाठवा.

औषध देण्यापूर्वी मुलाचे वजन करा आणि त्यावरून डोस पडताळून पाहा. पूर्वी कोणत्या औषधाने पुरळ किंवा सूज आली होती का, हे आईला विचारा. डोस किती वेळा आणि किती दिवस द्यायचा, हे तिच्याकडून पुन्हा वदवून घ्या. साध्या सर्दी-खोकल्याला अँटिबायोटिक लागत नाही, हेही तिला समजावून सांगा.

मूल दूध-पाणी पीत नसेल, सगळे ओकत असेल, झटके येत असतील, सुस्त पडले असेल किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, तर वेळ न घालवता डॉक्टरांकडे पाठवा.

चिठ्ठीवरचा डोस वजनाशी जुळत नसेल, तर डॉक्टरांना जरूर विचारा. त्यात उद्धटपणा नाही. तो उपचाराचाच भाग आहे.